शरीराचे सांधे आणि त्यांचीं नांवें

लासूर स्टेशनच्या बाजारांतून परततांना एखादी वृद्ध बाई पाय घसरून पडते. तिला उठतां येत नाहीं. दुखरा पाय दुसऱ्याहून किंचित् आंखूड दिसतो व त्याचें पाऊल बाहेरच्या अंगास कललेलें असतें. शेजारची जाणती स्त्री तें पाहतांच म्हणते, "खुबा मोडला." मग वाहन मिळवून तिला शहरांत नेतात, क्ष-किरणांनीं चित्र काढलें जातें, आणि घरच्यांच्या हातीं एक कागद येतो. त्यावर मजकूर असतो, 'फ्रॅक्चर नेक ऑफ फीमर, लेफ्ट.' शाळेंत जाणाऱ्या नातवास 'नेक' म्हणजे मान एवढें ठाऊक असतें. तो तसें सांगतो, आणि आजीची मान मोडली अशी वार्ता दिवेलागणीच्या आंत गांवभर होते.

वास्तविक शेजारणीनें ओट्यावर बसून जें सांगितलें आणि कागदावर जें लिहून आलें तें एकच. मांडीच्या हाडाचें वरचें टोंक चेंडूसारखें वाटोळें असतें व तें कमरेच्या हाडांतील खळग्यांत बसतें. त्या गोळ्याखालीं हाड निमुळतें होतें. त्या भागास शरीरशास्त्रांत हाडाची मान म्हणतात. उतारवयांत हाडें ठिसूळ झालीं कीं साध्या पडण्यानेंहि ती मोडते. गोळ्यास होणारा रक्ताचा पुरवठा बव्हंशीं या मानेवरूनच जात असल्यामुळें मोड तेथें झाल्यास गोळाच निर्जीव होण्याची भीति असते. म्हणून शस्त्रक्रियेस विलंब लावणें इष्ट नसतें. हें सारें घरच्यांना पहिल्याच दिवशीं समजावें लागतें, आणि समजावून सांगणाराचा आरंभच मुळीं परक्या शब्दानें झाला कीं पुढचें ऐकण्याइतकें कोणाचें चित्त स्थिर राहत नाहीं.

परकीं नांवें भारदस्त वाटतात, पण तीं जन्मतः भारदस्त नव्हतीं. युरोपांतील जुन्या शरीरवेत्त्यांनीं प्रेत उघडून पाहिलें आणि जो आकार दृष्टीस पडला त्यास घरांतल्या एखाद्या वस्तूचें नांव देऊन ते मोकळे झाले. गुडघ्यावरच्या हाडास ते 'पटेला' म्हणतात. लॅटिन भाषेंत त्याचा अर्थ लहानसें ताट किंवा तसराळें. मराठी माणूस त्याच हाडास गुडघ्याची वाटी म्हणतो. पायाच्या पुढच्या हाडाचें नांव 'टिबिया', म्हणजे नळी अथवा पांवा. मराठींत ती पायाची नळी किंवा नडगी. खुब्याच्या खळग्यास रोमन लोकांच्या जेवणांतील शिरक्याच्या वाटीचें नांव आहे. गळ्याखालचें आडवें हाड ही 'लहान किल्ली'. हाताच्या पुढच्या भागांतील अंगठ्याकडचें हाड हा 'चाकाचा आरा'. कमरेचा सांपळा हें 'घंगाळ'. पाठीच्या कण्याच्या अगदीं शेवटच्या तुकड्यास ग्रीकांनीं कोकिळेच्या चोंचीवरून 'कॉक्सिक्स' म्हटलें, तर मराठीनें त्यास माकडहाड म्हटलें. तें हाड शेपटीचा अवशेष आहे, हें ध्यानांत घेतां येथें मराठी शब्दच अधिक शास्त्रीय ठरतो!

याच रीतीनें सांध्यांची वर्गवारी आपल्या देशांत फार पूर्वीं झाली होती. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत सांधे २१० सांगितले आहेत: हातापायांत ६८, धडांत ५९ आणि मान व तिच्या वर ८३. प्रथम त्यांचे हालणारे व स्थिर असे दोन भेद केले, आणि मग आकारावरून आठ प्रकार पाडले. 'कोर' या पहिल्या प्रकारांत बोटें, मनगट, घोटा, गुडघा व कोपर येतात. मनगट वगळतां या सर्वांस आजचे ग्रंथहि बिजागरीचे सांधे म्हणतात. दुसरा प्रकार 'उलूखल', म्हणजे उखळ. काखेंतला व जांघेंतला सांधा उखळींत मुसळ बसावें तसा बसलेला आहे, हें सुश्रुतानें ओळखलें; दांतहि त्यानें याच वर्गांत घातले. दांतांस सांधा म्हणणें प्रथम विचित्र वाटतें, परंतु पाश्चात्य शरीरशास्त्रांतहि दांत व जबडा यांच्या जोडास सांध्यांतच गणतात, व त्याला खिळा ठोकल्याच्या अर्थाचें ग्रीक नांव आहे.

कवटीच्या हाडांचे जोड हा 'तुन्नसेवनी' प्रकार. तुन्न म्हणजे फाटलेलें आणि सेवनी म्हणजे शिवण. फाटलेलें लुगडें धांवदोऱ्यानें जोडावें तशी ती नागमोडी रेघ कवटीवर दिसते. इंग्रजींत तिलाच 'सूचर' म्हणतात, आणि त्या लॅटिन शब्दाचाहि अर्थ शिवणच. याहून नवल जबड्याचें. जबड्याच्या दोन्ही बाजूंच्या सांध्यांस सुश्रुतानें 'वायसतुंड', म्हणजे कावळ्याची चोंच, असें नांव दिलें. आणि जबड्याच्या हाडाचा वर आलेला जो पुढचा कांटा आहे, त्याचें 'कोरोनॉइड' हें नांवहि कावळ्याच्याच ग्रीक नांवावरून पडलें आहे. दोन दूरदेशच्या पंडितांना एकाच हाडाच्या ठिकाणीं कावळा आठवावा, यांत देवाणघेवाण किती व योगायोग किती याचा निवाडा करण्याचें येथें कारण नाहीं. सुश्रुताचें सर्वच वर्गीकरण आज टिकतें असें मात्र नव्हे. हृदय व कंठ यांच्या नलिकांचे जोड त्यानें सांध्यांत धरले, तसेंच हाडें ३०० मोजलीं. प्रौढ मनुष्याचीं हाडें आज २०६ मोजतात.

इतकी सामग्री हाताशीं असतां मराठी घराला इंग्रजी कागद कां वाचावा लागतो, याचें उत्तर शिक्षणाच्या इतिहासांत आहे. देशी भाषांतून वैद्यक शिकविणारी एक सरकारी शाळा मुंबईस १८२६ सालीं निघाली व १८३२ त बंद झाली. १८४५ त ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें तें इंग्रजी भाषेंतून. त्याला जोडून मराठी व गुजराथी वर्गहि कांहीं वर्षें चालले, पण पदवी इंग्रजीचीच राहिली.

लासूर स्टेशनची हकीगत निराळी आहे. मनमाडहून हैदराबादेकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचें हें गांव सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होतें. त्या राज्यांत १९१७ सालीं भाषांतराची स्वतंत्र संस्था उघडली गेली, १९१८ त उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालें, आणि पुढें तेथें वैद्यकसुद्धां उर्दूंतून शिकविलें जाऊं लागलें. नवें शास्त्र हिंदी भूमीवरील भाषेंत शिकवितां येतें, हें या विद्यापीठानें प्रत्यक्ष करून दाखविलें; त्याचें श्रेय त्यास दिलेंच पाहिजे. परंतु ती परिभाषा बव्हंशीं अरबींतून घेतलेली होती. शरीररचनाशास्त्र म्हणजे 'तश्रीह', सांधा म्हणजे 'मफ्सल', रोहिणी म्हणजे 'शिर्यान', मज्जातंतु म्हणजे 'असब'. मराठवाड्यांतून हैदराबादेस शिकावयास गेलेल्या विद्यार्थ्याच्या आईस यांतील एकहि शब्द कळणें शक्य नव्हतें. राज्य गेलें, भाषाहि बदलली, आणि १९५६ त औरंगाबादेस वैद्यकीय महाविद्यालय निघालें तें इंग्रजी माध्यमाचें. गुडघा दुखणारास 'मफ्सल' गेल्याचा आनंद झाला असेल, तर 'जॉइंट' आल्यानें तो फार वेळ टिकला नसावा.

संस्कृताच्या बाजूनेंहि यत्न झाले. कलकत्त्याचे कविराज गणनाथ सेन यांनीं १९१३ सालीं 'प्रत्यक्षशारीरम्' हा ग्रंथ प्रसिद्ध करून आधुनिक शरीरशास्त्राला संस्कृत नांवांचा पोशाख चढविला. ऊर्वस्थि, अंसफलक, अनुजंघास्थि हे शब्द आयुर्वेदाच्या विद्यालयांतून आजहि चालतात. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० त भाषा संचालनालय निघालें, व त्यानें शरीर परिभाषा कोशहि तयार केला. या श्रमांचें मोल मोठें आहे. अखिल भारतांत चालेल असा शब्द हवा असेल तर संस्कृताकडे जाण्यास पर्याय नाहीं. मात्र एका गोष्टीची खंत वाटते. 'जान्वस्थि' हा शब्द 'गुडघ्याची वाटी' या शब्दाच्या जोडीला येण्याऐवजीं त्याच्या जागीं बसविला गेला. 'फरा', 'खुबा', 'नडगी', 'पेर' हे शब्द ग्राम्य समजून पुस्तकाबाहेर ठेवले गेले. फळ असें झालें कीं विद्यार्थ्यानें संस्कृत शब्द अवघड म्हणून टाकला आणि इंग्रजी पत्करला; घरचा शब्द त्याच्यापुढें कोणी ठेवलाच नव्हता. मध्य प्रदेशांत २०२२ सालीं वैद्यकाच्या पहिल्या वर्षाचीं हिंदी पुस्तकें निघालीं, त्यांतहि परिभाषा बरीचशी इंग्रजीच, फक्त देवनागरींत उतरविलेली आहे.

हा पेंच आपल्यापुरताच आहे असें नाहीं. कोरिया देशांतहि शरीरशास्त्राचे शब्द पूर्वीं चिनी अक्षरांवरून घडविलेले होते. गुडघ्याच्या सांध्यास 'सुलग्वानजॉल' म्हणत. पहिलें अक्षर चिनी, सामान्य माणसाला अपरिचित. गेल्या शतकाच्या अखेरीस तेथील शरीरशास्त्रज्ञांनीं हीं नांवें काढून बोलींतलीं बसविण्यास आरंभ केला. गुडघ्यास घरांत 'मुरुप' म्हणतात, म्हणून तो सांधा 'मुरुप-ग्वानजॉल' झाला. आणि गळ्याखालचें हाड, ज्यास लॅटिनांत किल्ली म्हणतात, तें दाराच्या अडसरावरून 'अडसराचें हाड' झालें. विद्यार्थी नवीं नांवें शिकतात, अनुभवी शस्त्रवैद्य जुनींच वापरतात, आणि काहीं काळ एकाच रुग्णालयांत एका गुडघ्याचीं दोन नांवें नांदतात. परंतु रुग्णाला त्यांतलें एक तरी कळतें.

येथवर सांध्यांचें झालें. सांध्यांस घरगुती नांवें मिळालीं, कारण ते दुखतात, मुरगळतात, निखळतात, थंडींत धरतात. शरीराच्या पातळ्यांचें तसें नाहीं. पातळी ही कल्पनेंतली वस्तु. ती कोणाची कधीं दुखली नाहीं, त्यामुळें तिला आजीबाईनें नांव ठेवलें नाहीं. येथें शब्द घडविणें भागच आहे. शरीरशास्त्रज्ञ देहाचे तीन प्रकारें छेद कल्पितात. पहिल्या छेदानें उजवें व डावें अंग वेगळें होतें, दुसऱ्यानें पुढचें व मागचें, आणि तिसऱ्यानें वरचें व खालचें. पहिल्यास 'सॅजिटल' म्हणजे बाणाची, दुसऱ्यास 'कोरोनल' म्हणजे मुकुटाची किंवा माळेची, व तिसऱ्यास 'ट्रान्सव्हर्स' म्हणजे आडवी पातळी म्हणतात. आडवी पातळी समजण्यास लहान मुलाचा करदोटा पुरे; कमरेभोंवतीं तो ज्या पातळींत बसतो तीच ती. पण बाण आणि मुकुट कोठून आले?

त्याचें उत्तर बाळंतिणीच्या खोलींत सांपडतें. तान्ह्या मुलाची टाळू भरतांना आजी तेलाचीं बोटें जेथें ठेवते, तेथें कवटीच्या दोन शिवणी मिळतात. एक मध्यावरून मागें जाते, तर दुसरी एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे आडवी जाते. त्यांच्या संगमावर हाड अजून भरलेलें नसतें. तेथील मऊ चौकट म्हणजेच टाळू. ती बहुधा एक ते दोन वर्षांच्या दरम्यान भरून येते. मागें जाणारी शिवण ही बाणाची काठी आणि टाळू हें त्याचें टोंक, अशी कल्पना करून युरोपीय पंडितांनीं त्या शिवणीस बाणाचें नांव दिलें. आणि माळ किंवा मुकुट डोक्यावर जेथें बसतो तेथील आडव्या शिवणीस मुकुटाचें. शिवणींवरून पातळ्यांस तींच नांवें पडलीं. सुश्रुतानें डोक्यावरील पांच सांध्यांस 'सीमंत' म्हटलें आहे, आणि सीमंत म्हणजे केंसांचा भांग. मराठींत सॅजिटल पातळीला 'भांगाची पातळी' म्हटलें तर तींत नवीन कांहींच नाहीं. जुना शब्द परत घरीं आला एवढेंच. हल्लीं सीटी स्कॅनच्या यंत्रांतून देहाच्या चित्ररूप चकत्या निघतात. त्या प्रथम काकडीच्या चकत्यांप्रमाणें आडव्याच असतात, आणि त्यांवरून गणकयंत्र भांगाच्या व मुकुटाच्या पातळीचीं चित्रें जुळवून देतें.

हालचालींच्या बाबतींत मराठी पुन्हां समृद्ध आहे. तळहात वर करणें व खालीं करणें यांस इंग्रजींत 'सुपिनेशन' व 'प्रोनेशन' म्हणतात, आणि विद्यार्थी त्यांची हटकून अदलाबदल करतो. मराठींत हात उताणा होतो किंवा पालथा होतो. यांत चूक होणें कठीण, कारण उताणें व पालथें यांतला भेद मूल चौथ्या-पांचव्या महिन्यांतच अंगानें शिकतें. हाताचा पुढचा भाग दुसऱ्या हातानें धरून तळवा फिरवून पाहावा. उताण्या हातांत दोन्ही हाडें समांतर असतात. पालथा करतांना अंगठ्याकडचें हाड करंगळीकडच्या हाडावरून ओलांडून जातें.

राहतां राहिला उजव्या-डाव्याचा प्रश्न, आणि रुग्णाच्या दृष्टीनें तो सर्वांत महत्त्वाचा. शरीरशास्त्रांत देह नेहमीं समोर तोंड करून, तळवे पुढें ठेवून उभा आहे असें धरतात, आणि उजवें-डावें त्याचें स्वतःचें मानतात, पाहणाराचें नव्हे. क्ष-किरणांचें चित्रहि त्याच धोरणानें धरतात. रुग्णाची उजवी बाजू पाहणाराच्या डाव्या हातास येते. हा नियम मराठी माणसास शिकवावा लागत नाहीं. सिद्धटेकचा गणपति उजव्या सोंडेचा, असें तो म्हणतो तेव्हां ती सोंड देवाच्या उजव्या अंगास वळलेली असते, भक्ताच्या नव्हे. लासूरची ती बाई शस्त्रक्रियेसाठीं जाण्यापूर्वीं तिच्या मुलानें चित्र उजेडाकडे धरलें आणि मोडलेला खुबा आपल्या उजव्या हाताला पाहून तो दचकला, तर त्यास एवढेंच सांगावें कीं चित्रांतली आई त्याच्यासमोर उभी आहे, आणि चित्राच्या कोपऱ्यांतल्या खुणेवर डावी बाजू लिहिलेली आहे ती त्यानें वाचून घ्यावी.