व्यसनमुक्ती केंद्र निवडताना…

दारूपायी घर हतबल झालं, की ‘आम्ही गाडी पाठवून उचलून नेतो, तीन महिने भेटायला येऊ नका’ असं सांगणारं केंद्रही आधार वाटू लागतं. इथेच सावध व्हा.

वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. वेळेवर उपचार न मिळाल्यास जीवही जातो. तेव्हा डॉक्टर आणि औषधं लागतात, कुलूप नव्हे.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मध्ये दारू व अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक विकारही येतात. अशा रुग्णांना दाखल करून घेणाऱ्या केंद्राला नोंदणी सक्तीची आहे. ती नसल्यास पहिल्या वेळी ५ हजार ते ५० हजार रुपये दंड होतो. रुग्णाला साखळीने बांधण्यास पूर्ण मनाई आहे. त्याच्या संमतीशिवाय दाखल करायचं, तर दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं. त्यांत एक मानसोपचारतज्ज्ञ हवाच. असा प्रवेश सुरुवातीला जास्तीत जास्त ३० दिवसांचा असतो. त्याविरुद्ध मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे दाद मागता येते.

म्हणून सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा: नोंदणीचं प्रमाणपत्र कुठे आहे? रात्री त्रास झाला तर कोणता डॉक्टर येतो? रुग्णाशी बोलता कधी येईल? उत्तरं टाळली गेली, तर माघारी फिरा. केंद्र सरकारच्या १४४४६ या मोफत हेल्पलाइनवरही सल्ला मिळतो.

व्यसन हा आजार आहे. आजारी माणसाचे हक्क केंद्राच्या दाराबाहेर राहत नाहीत.