कान-डोळ्यांची वाटणी

मागच्या महिन्यात माझी शेवटची बॅच संपली. पुण्यात जर्मन शिकवायला लागून तीस वर्षं उलटली आणि शेवटच्या सत्रात संस्थेने हातात एक छापील कागद ठेवला. वीस प्रश्न विचारायचे, उत्तरांवरून मूल बघून शिकणारं, ऐकून शिकणारं की करून शिकणारं ते ठरवायचं आणि त्याप्रमाणे धडा द्यायचा. तो कागद मनाला फार लागला.

ऐंशीच्या दशकात मी स्वतः जर्मन शिकले ती व्याकरणाचे तक्ते घोकून. त्यात सांगण्यासारखं काही नाही. 2001 नंतर ए-वन, बी-वन अशा भाषेच्या पायऱ्या आल्या, त्यांनीही फारसं बिघडवलं नाही. जीव अडकलाय तो नव्वदच्या दशकात.

सदाशिव पेठेत वाड्याच्या माडीवर अठरा मुलं, एक फळा, एक टेपरेकॉर्डर. आपल्यासारखी तीन लिंगं आहेत म्हणून मुलं खूश व्हायची आणि तिथेच फसायची. चमचा जर्मनमध्येही ‘तो’, काटा मात्र ‘ती’ आणि सुरी ‘ते’. ‘वाइल’ म्हणजे ‘कारण’ आलं की क्रियापद शेवटी जातं. इंग्रजीतून विचार करणारी तिथे अडखळायची. ‘कारण मी आजारी आहे’ असं मराठीतून म्हणा आणि शब्दावर शब्द ठेवा, असं सांगितलं की गाडी सुटायची.

एक मुलगा कारखान्यात टर्नर होता, पाळी संपवून यायचा. तक्ता म्हणायला उभा केला की घामाघूम व्हायचा. एका संध्याकाळी मी टेबलावर चमचा, काटा, सुरी मांडली आणि हुकूम सोडले: चमचा उचल, काटा दे, सुरी ठेव. मग त्याने मला हुकूम सोडले. तासाभरात कर्माच्या जागी ‘डेर’चा होणारा ‘डेन’ त्याच्या तोंडात बसला. पण त्याला ‘करून शिकणारा’ ठरवून मी थांबले असते, तर जर्मन ‘ü’ कसा शिकवला असता? ओठ ‘ऊ’चे करून ‘ई’ म्हणायचं, आणि कॅसेट मागे नेऊन नेऊन ऐकायचं. तिथे कानच लागतो, टर्नरलाही आणि प्राध्यापकालाही.

ही वाटणी संशोधनातही टिकलेली नाही. 2004 मध्ये इंग्लंडात फ्रँक कॉफील्ड आणि सहकाऱ्यांनी शिकण्याच्या शैलींच्या 71 प्रणाली मोजल्या. 2008 मध्ये हॅरल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुरावे तपासले. शैलीप्रमाणे शिकवल्याने शिकणं सुधारतं, असं म्हणण्याइतका पुरावा त्यांना मिळाला नाही. तरीही कागद छापले जातातच.

ज्याचं त्याला शिकवायचं तर आधी माणूस कळावा लागतो. माझ्या शेवटच्या ऑनलाइन बॅचमध्ये चाळीस जण होते, बहुतेक जर्मनीला निघालेल्या नर्स. त्यांतली एक कधीच माइक उघडायची नाही. कागदाच्या हिशेबाने ती ऐकून शिकणारी ठरली होती. तिसऱ्या आठवड्यात मी तिला फोन केला. ती रात्रपाळीला वॉर्डाबाहेरच्या जिन्यात बसून तास करत होती, पेशंट जागे होतील म्हणून गप्प. दुसऱ्या दिवशी तिच्या सुटीच्या वेळी पंधरा मिनिटं आम्ही दोघीच बोललो. तिचा ‘ü’ वर्गात सगळ्यांत स्वच्छ निघाला.