उचलतो कोण, धरतो कोण?

माघ पौर्णिमा जवळ आली की सालेकसा तालुक्यातला धनेगावचा रस्ता गाड्यांनी गजबजून जातो. जीप, टेम्पो, ट्रॅव्हल्स, सगळ्या निघालेल्या असतात कचारगडला. डोंगरातली ही गुहा म्हणजे गोंड समाजाचं मोठं श्रद्धास्थान. छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणा, कुठून कुठून लोक येतात! आपण मात्र आज गुहेकडे जाण्याआधी एका जीपच्या बॉनेटखाली डोकावू या.

इंजिन सुरू आहे. हात लांब ठेवा आणि नुसतं बघा. थरथरतंय ना? गाडी जागेवर उभी असली, तरी चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला साधारण ८०० फेरे मारत असतं. दर फेऱ्याला दोन सिलिंडरांमध्ये इंधन पेटतं. करा हिशेब: मिनिटाला १६००, म्हणजे सेकंदाला सव्वीस-सत्तावीस धक्के! आता ड्रायव्हरने ॲक्सिलरेटर दाबला की अख्खं इंजिन किंचित एका कुशीवर कलतं. आतला दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, एका दिशेने जोरात फिरायला लागला की इंजिनाचं धूड उलट्या दिशेला ढकललं जातं. न्यूटनचा तिसरा नियम इथे बॉनेटखाली राबतोय.

मग एवढी आदळआपट आत बसलेल्यांना का जाणवत नाही? कारण इंजिन गाडीच्या सांगाड्यावर थेट बसवलेलंच नसतं. मध्ये असतात माउंटिंग. गॅरेजात कुणी त्यांना फाउंडेशन रबरही म्हणतं. वर लोखंडी पट्टी, खाली लोखंडी पट्टी आणि मध्ये दोन्हींना घट्ट चिकटलेला जाड रबराचा ठोकळा. धक्का आला की रबर दबतं, ताणलं जातं, धक्क्यातली बरीचशी ऊर्जा स्वतःच पिऊन टाकतं आणि पुन्हा होतं तसं होतं.

हे काम साध्या कच्च्या रबराला जमलं नसतं. ते उन्हात चिकट होतं आणि थंडीत कडक. चार्ल्स गुडइयर या अमेरिकन माणसाला १८३९ मध्ये सापडलं, की रबरात गंधक मिसळून ते तापवलं तर ते चिवट आणि लवचीक राहतं. तरी मोटारींना याचा पुरता फायदा मिळायला बराच काळ जावा लागला. अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने १९३१ च्या प्लिमथ मोटारीत इंजिन रबरावर असं बेतून बसवलं, की चार सिलिंडरची गाडीही मऊ चालायला लागली. फ्रान्सच्या सित्रोएन कंपनीने ही युक्ती रीतसर परवाना घेऊन आणली आणि जाहिरातीसाठी चित्र निवडलं पाण्यावर तरंगणाऱ्या हंसाचं!

पण रबराचंही वय होतं. इंजिनाची धग, वरून ठिबकणारं ऑइल, रस्त्यातले खड्डे. हळूहळू रबराला चिरा पडतात, ते पट्टीपासून सुटतं. मग गाडी थंडीत कुडकुडणाऱ्या माणसासारखी थरथरते. गिअरचा दांडा नाचतो, इंजिन चालू-बंद करताना ‘धड्’ आवाज येतो. मिस्त्री सांगतात, माउंटिंग गेलं, बदलावं लागेल.

आता खरी पंचाईत! माउंटिंगवर इंजिन बसलेलं. ते काढायचं तर आधी त्याच्यावरचा भार उचलायला हवा. छोट्या गाडीचं इंजिनही शंभर किलोच्या आसपास भरतं, ट्रकचं तर काही शे किलोंचं. उचलणार कोण? बाटलीएवढा हायड्रॉलिक जॅक!

जॅकच्या पोटात तेल असतं, एक छोटा दट्ट्या आणि एक मोठा. बंद जागेतल्या तेलावर दाब दिला की तो सगळीकडे सारखाच पोचतो. हे फ्रान्सच्या ब्लेझ पास्कलने सतराव्या शतकात सांगितलं. समजा, छोट्या दट्ट्याचं तोंड १ चौरस सेंटिमीटर आहे आणि मोठ्याचं २०. छोट्यावर १० किलोचा भार टाकला, तर मोठा २०० किलो उचलतो. फुकट? छे! छोटा दट्ट्या एकूण २० सेंटिमीटर खाली गेला, की मोठा जेमतेम १ सेंटिमीटर वर सरकतो. म्हणून तर जॅकचा दांडा पुन्हापुन्हा मारावा लागतो.

इथे कचारगडची एक कथा ऐका. गोंडी परंपरेत सांगतात, की कली कंकाली या मातेची मुलं या गुहेत कोंडली गेली होती आणि दाराशी होती प्रचंड शिळा. हिरासुका पाटालीर यांनी किंगरी हे वाद्य वाजवलं, मुलांच्या अंगात बळ आलं, शिळा सरकली आणि मुलं मोकळी झाली. पण गडगडत आलेल्या त्याच शिळेखाली हिरासुका गेले. आजही भाविक त्यांचं नाव आदराने घेतात. वजन हलवणं हे एक काम आणि हललेलं वजन सांभाळणं हे दुसरं. गॅरेजात ही दोन कामं दोन वेगळ्या वस्तूंना वाटून दिलेली असतात.

बघा कशी. गाडी सपाट जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला, चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे. इंजिन गार झालेलं, बॅटरीची ऋण तार सोडलेली. गाडी उचलायची असेल, तर तिच्या मजबूत सांगाड्याखाली लोखंडी घोड्या लावतात. जॅकमधलं एखादं सील गळलं तर दाब जातो आणि तो खाली बसतो. घोडीला ना तेल, ना सील. ती बसणार कशी? म्हणून घोडी लागल्याशिवाय कुणीही गाडीखाली शिरायचं नाही.

मग इंजिनाखाली जॅक. मात्र इंजिनाच्या तळाशी असलेला ऑइलचा चेंबर पातळ पत्र्याचा, त्याला जॅकचं टोक थेट टेकलं तर खळगा पडेल. मध्ये जाड रुंद फळी ठेवली की भार पसरतो. इंजिन उचलायचं तेही अगदी थोडं, माउंटिंगवरचा भार निघेपर्यंत. जास्त उचललं तर रेडिएटरचे पाइप आणि वायरी ताणल्या जातात. जमलं तर वरून साखळीचाही आधार देतात. बोटं इंजिन आणि सांगाड्यामधल्या फटीत कधीच नाहीत! माउंटिंग बदलायचं एका वेळी एकच. बोल्ट आधी हाताने लावायचे, इंजिन अलगद खाली बसवायचं आणि मगच पक्के आवळायचे.

हे काम मोठ्या, शिकलेल्या मिस्त्रींचं. तुमच्यासाठी आहे हा घरगुती जॅक: सुई नसलेल्या दोन नव्या सिरिंज घ्या, एक ५ मिलीची, एक २० मिलीची. पाणी भरून बारीक नळीने जोडा. हवेचा बुडबुडा ठेवू नका, तो दबतो आणि जोर वाया जातो. आता छोटी सिरिंज तुम्ही दाबा आणि मोठीचा दांडा ताईला अंगठ्याने अडवायला सांगा. कोण जिंकतं बघा! मग मोठीच्या दांड्यावर पुस्तक पेलून धरा आणि नळी सोडवा. बसलं ना खाली? पुन्हा उचला, पण या वेळी पुस्तकाखाली दोन्ही बाजूंना ठोकळे रचा आणि नळी खुशाल सोडवा.