शंभर पानांची पंगत : खानदेशी भरीत आणि वरण-बट्टी

मार्गशीर्ष उजाडला, शेतातील कपाशीची वेचणी उरकत आली आणि पहाटे अंगावर काटा उभा राहू लागला, म्हणजे जळगाव-धुळ्याकडील गावांतून भरिताच्या पंगतींस आरंभ होतो. चातुर्मासात वांगे वर्ज्य करणारी पुष्कळ घरे चंपाषष्ठीस बाजरीचा रोडगा व वांग्याचे भरीत यांचा नैवेद्य दाखवून ते पुन्हा पानात घेतात. आणि त्यानंतर माघ सरेपर्यंत कधी मळ्यात, कधी खळ्यावर, कधी ग्रामसभेच्या निमित्ताने पाचपन्नासांपासून दोनतीनशे पानांपर्यंतच्या पंगती उठतात. डिसेंबर २०१८ मध्ये विष्णू मनोहर यांनी जळगाव शहरात एकाच प्रचंड कढईत सुमारे अडीच हजार किलो भरीत करून दाखविले, हे अनेकांच्या स्मरणात असेल. तेवढा व्याप आपणांस करावयाचा नाही. परंतु शंभर माणसांचा स्वयंपाक हाही घरच्या स्वयंपाकाची निव्वळ वीसपट नसतो, ही गोष्ट ध्यानी न घेतल्यामुळे पुष्कळ ठिकाणी अन्न वाया जाते, आणि क्वचित प्रसंगी त्याहून वाईटही घडते.

असा एक प्रसंग आम्ही स्वतः पाहिला आहे. तापीकाठच्या एका गावी दुपारी वरण-बट्टीची पंगत होती. सकाळी धांदल नको म्हणून यजमानांनी तुरीचे वरण आदल्या रात्रीच एका मोठ्या पातेल्यात शिजवून, वर झाकण घालून, चुलीवरून उतरवून ठेविले. सकाळी ते कोमट होते. आंबूस वास नाही, फेस नाही. थोडे ऊन करून वाढले. सर्वांनी वाखाणले. रात्री मात्र गावातील तीस-चाळीस माणसांस पोटात मुरडा येऊन जुलाब सुरू झाले, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातील खाटा अपुऱ्या पडल्या. दैवयोगाने कोणी दगावले नाही. पण एका वृद्ध आजींस तीन दिवस सलाईनवर काढावे लागले, आणि यजमानाच्या घरातील स्त्रिया पुढे कित्येक महिने कोणाच्या दारी मान वर करून गेल्या नाहीत. दोष त्यांच्या स्वच्छतेचा नव्हता. दोष पातेल्याच्या आकाराचा होता.

हे नीट समजून घेतले पाहिजे. काही जंतूंची बीजे अशी चिवट असतात की वरण खळखळा उकळले तरी ती मरत नाहीत. नुसती निपचित पडून राहतात. अन्न हाताला कोमट लागेल इतके निवले की ती जागी होतात व झपाट्याने वाढतात. घरच्या चार वाट्या वरण तासाभरात थंड होते, म्हणून त्यांस अवसर मिळत नाही. पण तीस लिटरचे झाकलेले पातेले मध्यभागी सकाळपर्यंत उबदारच असते, आणि जंतूंना ती रात्र म्हणजे सुगीच होय. हे अन्न चवीने वा वासाने बिघडलेले कळत नाही. सबब नियम असा की वरण पंगतीच्या दिवशीच शिजवावे; चुलीवरून उतरल्यापासून चार तासांच्या आत शेवटचे पान वाढून व्हावे; आणि तोवर पातेले निखाऱ्यावर इतके गरम ठेवावे की वाढताना त्यातून वाफ निघाली पाहिजे. आधी शिजवून ठेवणे अगदीच भाग पडले, तर ते चार बोटे खोलीच्या परातींतून पसरून लवकर निववावे, शीतपेटीची सोय असल्यास त्यात ठेवावे, व सकाळी पुन्हा पूर्ण उकळी आणावी. नुसते ‘ऊन करणे’ म्हणजे जंतूंची सेवा करण्यासारखे आहे.

आता भरिताकडे वळू. यावल तालुक्यातील बामणोद आणि जळगावनजीकचे आसोदे ही गावे या वांग्यांसाठी नावाजलेली आहेत. जळगावच्या भरिताच्या वांग्यास २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. हे वांगे आकाराने मोठे, रंगाने फिकट हिरवे, वर पांढुरकी झाक असलेले, आणि बियांना कमी असते. निवडताना जाणती माणसे हातात तोलून पाहतात : आकाराच्या मानाने हलके लागेल ते कोवळे, जड लागेल ते बियांनी भरलेले. सालीवर एखादे बारीक छिद्र दिसले तर ते वांगे निःसंकोच बाजूस काढावे. फळ पोखरणारी अळी त्यातून आत गेलेली वा बाहेर पडलेली असते, आणि अख्खे वांगे भाजावयाचे असल्याने ती आधी दृष्टीस पडत नाही. वांगी विकणाऱ्या शेतकरी बंधूंसही येथे एक विनंती आहे. पंगतीची मागणी आली की तोडणीची घाई होते. पण शेवटच्या फवारणीनंतर औषधाच्या वेष्टनावर जितके दिवस थांबण्यास सांगितले आहे, तितके दिवस उलटल्यावाचून तोडणी करू नये. किडके शेंडे व फळे वेळच्या वेळी खुडून नष्ट केली आणि कामगंध सापळे लावले, तर फवारण्यांची संख्याच घटते.

शंभर पानांस पंचवीस ते तीस किलो वांगी घ्यावीत. भाजून, सोलून निम्म्याहून थोडा अधिक गर हाती लागतो. त्यास हिरवी मिरची दोन किलो (खानदेशाबाहेरचे पाहुणे असतील तर एक किलोच बरी), लसूण एक किलो, कांद्याची पात तीन-चार किलो, कोथिंबीर एक किलो, शेंगदाणे दीड ते दोन किलो, सुक्या खोबऱ्याचे काप अर्धा ते एक किलो, तेल तीन लिटर. मीठ तीनशे ग्रॅमपासून आरंभ करून चाखत वाढवावे. मोठ्या स्वयंपाकात मीठ एकदम टाकणारा आचारी सर्वांत धोक्याचा.

भरीत भाजावे ते कपाशीच्या पऱ्हाट्यांवर. गॅसच्या शेगडीवर भाजलेल्या वांग्यास तो धुरकट गोडवा येत नाही, असे आमचे प्रामाणिक मत आहे, आणि या बाबतीत आम्ही वाद घालू इच्छीत नाही. पऱ्हाट्यांचा पातळ थर द्यावा, त्यावर वांगी एकेरी मांडावीत, वर पुन्हा पऱ्हाट्या टाकून जाळ करावा. तत्पूर्वी प्रत्येक वांग्यास काडीने दोनतीन टोचे मारावेत. नाहीतर आतील वाफेने ते फुटून गर राखेत सांडतो. पंधरावीस मिनिटांत साल काळी पडून देठाजवळचा भागही मऊ झाला की वांगे झाले. सोलताना बोटे पाण्यात बुडवून घ्यावीत. वांगे मात्र पाण्यात बुडवू नये. सोललेला गर बडगीत, म्हणजे कोरलेल्या लाकडी पात्रात, भाजलेल्या मिरच्या व लसूण यांसह ठेचतात. मग तेलात शेंगदाणे व खोबऱ्याचे काप तळून, कांद्याची पात टाकून, त्यावर हा गर परततात. काही घरी गर न परतता कच्चेच भरीत करतात व ते चवीस फार गोड लागते. पण शंभर माणसांसाठी आठदहा जणांच्या हातांनी सोललेला गर असतो. तेव्हा तो फोडणीत चांगला परतलेलाच बरा. बोटाला जखम किंवा फोड असणाऱ्याने सोलण्यास बसू नये. त्याने पाणी वाहावे, लाकडे सारावीत. अशा जखमेतील जंतू अन्नात जे विष सोडतात, ते मागाहून उकळूनही जात नाही.

पऱ्हाट्यांविषयी ग्रामकार्यकर्त्यांनी दोन शब्द अवश्य सांगावेत. डिसेंबरअखेर कपाशी काढून टाकावी, फरदड ठेवू नये, हा सल्ला गुलाबी बोंडअळीसाठी दिला जातो. झाडावर राहिलेल्या किडक्या बोंडांत ही अळी सुप्तावस्थेत दडून बसते. पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर पावसाळ्यापर्यंत तसेच रचून ठेवले, तर पुढील हंगामाची कीड आपणच सांभाळली असे होते. भरिताच्या जाळास दोनतीन मोठे भारे पुरतात, त्यामुळे सर्व शेताची सोय होते असे नाही. पण त्या निमित्ताने हा विषय निघतो आणि जेवणाआधीच्या त्या तासात माणसे ऐकण्याच्या मनःस्थितीत असतात. नुकतीच फवारणी झालेल्या शेतातील काड्या मात्र स्वयंपाकास वापरू नयेत.

भरिताबरोबर कळण्याची भाकरी हा खरा बेत. चार भाग ज्वारी व एक भाग अख्खे उडीद, मीठ घालून एकत्र दळले की कळणा तयार होतो. शंभर पानांस वीस किलो पीठ व सुमारे दोनशे भाकरी. आता हिशेब करा : एक भाकरी थापून, भाजून उतरावयास दोन-अडीच मिनिटे धरली, तरी एका चुलीवर सात-आठ तास होतात. चार चुली, चार सुगरणी व दोन तास, अशी योजना नसेल तर भाकरीचा आग्रह धरू नये. पंगतीचे कौतुक पुरुषांनी करावे व धुरात स्त्रियांनी बसावे ही वाटणी काही फार न्यायाची नाही. वांगी भाजणे, सोलणे, ठेचणे ही कामे खानदेशात पुरुष हौसेने करतात. त्यांनी पीठ मळण्यासही हात लावावा. खापरावरच्या पुरणपोळीचे, म्हणजे मांड्यांचे, नाव तर मोठ्या पंगतीत काढूच नये. ती कला आखाजीच्या सणास घरच्या माणसांपुरतीच शोभते.

पान मोठे असेल तेव्हा वरण-बट्टी सोयीची, कारण तिचे काम टप्प्याटप्प्याने होते. जाडसर दळलेला गहू चौदा किलो व मक्याचे पीठ तीन किलो. त्यात ओवा, हळद, मीठ व सव्वा किलो तेलाचे मोहन. घट्ट मळून, गोळे करून वाफवावेत किंवा उकळत्या पाण्यात सोडावेत. अर्ध्या तासाने आतपर्यंत शिजले की काढून, निथळून, कापून तळावेत. ओली बट्टी कढईत टाकली तर तेल अंगावर उडते. म्हणून काप कापडावर पसरून कोरडे होऊ द्यावेत. तेलाने पेट घेतला तर पाणी कदापि ओतू नये, झाकण घालून जाळ काढून घ्यावा. वरणास तूरडाळ सहा-सात किलो व पाणी पंचवीस लिटरांच्या आसपास, वर दोन-तीन किलो तूप. सोबत वीस किलो वांग्यांची घोटलेली भाजी असली की पान पूर्ण झाले. भाडोत्री पितळी पातेल्यांची कल्हई गेली असेल तर त्यात चिंच घातलेले पदार्थ शिजवू नयेत. आंबटाने धातू अन्नात उतरतो.

मक्यावरून एक गोष्ट आठवते. आपल्या बट्टीतला मका, भरितातली मिरची आणि भाजीतला टोमॅटो, ही तिन्ही मूळची मेक्सिकोकडची पिके. मका तेथे सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी माणसाळला. टोमॅटो हे नावही तेथील नाहुआत्ल भाषेतून आले. पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर ही पिके सोळाव्या शतकापासून इकडे येऊ लागली. तोवर आपला तिखटपणा मिरी व पिंपळी यांवर भागत असे. आज नंदुरबारची बाजारपेठ मिरचीसाठी प्रसिद्ध आहे. वांगे तेवढे आपल्याच भूमीचे. मेक्सिकोत सणावारी ‘तामाले’ करतात, ते मक्याचे पीठ मळून, आत सारण भरून, मक्याच्याच पानात गुंडाळून वाफवलेले असतात. नातलग व शेजारी जमून, गप्पा मारीत, शेकड्यांनी तामाले वळतात. २०१० मध्ये युनेस्कोने त्या देशाच्या पारंपरिक पाककलेस मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले, ते या सामुदायिक रीतीसह. ते लोक मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात. त्यामुळे साल सुटते, पीठ चिकटते, आणि मक्यातील जे जीवनसत्त्व एरव्ही शरीरास मिळत नाही ते मिळू लागते. ही युक्ती न शिकता नुसता मका खाणाऱ्या युरोप-अमेरिकेतील गरिबांस पुढे पेलाग्रा नावाचा रोग जडला. आपण मका गव्हात पाचव्या हिश्शाएवढाच मिसळतो व वर तुरीचे वरण घेतो, तेव्हा आपणांस ती भीती नाही.

पिण्याचे व कोथिंबीर-पात धुण्याचे पाणी टी.सी.एल. पावडरने शुद्ध करून, अर्धा तास जाऊ देऊन मग वापरावे. वांगी भाजण्याची जागा कडब्याच्या गंजीपासून दूर, वाऱ्याच्या खालच्या बाजूस असावी, आणि पाण्याने भरलेले एक पिंप जाळाशेजारी केवळ आगीसाठी राखून ठेवावे. केळीची पाने जितकी माणसे तितकीच मांडून पंगत बसवावी व पहिली वाढ बेताची ठेवावी. पुन्हा मागणाऱ्यास नाही म्हणू नये. उरलेले भरीत व वरण कोणाच्या डब्यात भरून देण्याची आपल्याकडे प्रीतीची रीत आहे. दुपारी चारपूर्वी दिले व घरी पोचताच उकळून खाल्ले तर हरकत नाही. संध्याकाळपर्यंत पातेल्यात राहिलेले मात्र गोठ्यातही न देता खताच्या खड्ड्यात टाकावे. राखेवर पाणी मारून, काडीने ढवळून, विस्तव विझल्याची खात्री करून मगच खळे सोडावे. दुसऱ्या दिवशी ती राख परसातील भाज्यांच्या वाफ्यांना थोडीथोडी पसरून टाकता येते.