आईच्या साड्या आणि माझे २३ वाकडे चौकोन

मैत्रिणींनो, तुमच्या घरात एक गाठोडं नक्की असणार. कपाटाच्या अगदी वरच्या फळीवर, नाहीतर पलंगाखालच्या ट्रंकेत. शिवण शिकायला लागलो तेव्हाचे ते आपले पहिले उद्योग! गळा चुकलेलं झबलं, एका बाजूने लांब झालेली उशीची खोळ, आणि ज्यांना गोधडीची हौस लागली त्यांच्याकडे हमखास सापडतील ते एकमेकांशी कधीच न जमलेले चौकोन. टाकवत तर नाहीत, आणि कुणाला दाखवायचीही सोय नाही!

माझं गाठोडं १० वर्षं ट्रंकेत होतं. त्यात २३ चौकोन होते. आणि ते साध्या चिंध्यांचे नव्हते. माझ्या आईच्या साड्यांचे होते.

त्याचं असं झालं, की आई गेल्यावर तिच्या साड्या आम्ही दोघी बहिणींनी वाटून घेतल्या. पुढे मी गावातल्या शिवणाच्या क्लासला जाऊ लागले. तिथे पॅचवर्कची गोधडी पाहिली आणि डोक्यात बसलं, की आईच्या साड्यांची अशीच गोधडी करायची. धाकटी बहीण नागपूरला असते. तिने तिच्या वाटणीतल्या दोन साड्या पाठवून दिल्या. एक हिरवी इरकली, लाल पदराची. आणि एक बारीक निळ्या फुलांची सुती वायल, आई घरात रोज नेसायची ती. माझ्याकडच्या दोन मी घातल्या. "झाली की आळीपाळीने घेऊ," असं आमचं ठरलं.

३० चौकोन करायचे होते. २३ झाले आणि माझ्या लक्षात आलं, की एकही दुसऱ्यासारखा नाही. कुठला ११ इंच, कुठला साडेबारा. काही मधोमध फुगलेले, काही पतंगासारखे तिरके. साड्या तर कापून बसले होते! चार दिवस रडले, आणि गाठोडं बांधून ट्रंकेत टाकलं. बहीण दर थंडीत विचारायची, "ताई, कुठवर आलं गं?" मी म्हणायची, "होतंय." तीन वर्षांनी तिने विचारणं सोडलं. खरं सांगू? ते मला जास्त लागलं.

गेल्या दिवाळीत ती माहेरपणाला म्हणून माझ्याकडे सांगलीला आली. चादर काढायला तिनेच ट्रंक उघडली, आणि गाठोडं तिच्या हाती लागलं. एकेक चौकोन पलंगावर मांडत गेली. मी दारात उभी. मला वाटलं, साड्या नासल्या म्हणून बोलेल. ती म्हणाली, "वाकडे झाले तर झाले. पण मला दहा वर्षं दाखवले का नाहीस?"

याला उत्तर नव्हतं. मग आम्ही दोघी चार दुपारी त्या पसाऱ्यात बसलो. त्यातून जे शिकले, ते तुम्हांला सांगते.

चौकोन बिघडतो कसा?

शिवणीसाठी कडेला जे कापड सोडतो, त्याला आपण 'माया' म्हणतो. गोधडीच्या चौकोनाला पाव इंच माया ठेवायची असते. सगळं तिथेच फसतं. नऊ तुकड्यांचा चौकोन घ्या. एका ओळीत तीन तुकडे, म्हणजे दोन शिवणी. आणि प्रत्येक शिवण दोन्ही तुकड्यांतून कापड खाते. म्हणजे चार वेळा माया गेली. दर वेळी एकच सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जास्त घेतला, तरी चौकोन अर्ध्या इंचाने कमी भरतो! आपल्याला वाटतं, एवढंसं तर चुकलं.

दुसरं कारण तिरप्या कापाचं. कापड उभ्या-आडव्या धाग्यात कापलं तर आकार धरतं. तिरपं कापलं की ओढल्याबरोबर ताणतं, आणि चौकोन पतंग होतो. तिसरं कारण म्हणजे नवं आणि जुनं कापड न धुता एकत्र जोडणं. जुनी साडी आधीच आटलेली असते, नवं कापड पहिल्या धुण्यात आटतं, आणि चौकोनाला चुण्या पडतात. माझ्या हातून तिन्ही गोष्टी झाल्या होत्या.

आधी वाटण्या करा

सगळे चौकोन ओल्या फडक्यावरून इस्त्री करून घ्या. निम्मी फूग तिथेच बसते. मग टेप घेऊन प्रत्येकाच्या चारही बाजू मोजा, मापाची चिठ्ठी टाचणीने लावा आणि ढीग पाडा. लहान झालेले, मोठे झालेले, फुगलेले, तिरके.

आता प्रत्येक चौकोन उलटा करून शिवणी पाहा. माया पाव इंचाहून कमी असेल, तर ती शिवण धुण्यात उसवणार हे धरून चाला. अशा चौकोनाच्या मागे जुन्या धोतराचं अस्तर ठेवा आणि शिवणींवरून बारीक धावदोरा घाला. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. वाकडेपणा खपतो, उसवलेली शिवण खपत नाही.

लहान-मोठ्यांना चौकट

लहान-मोठे चौकोन एका गोधडीत आणायचे असतील, तर त्यांना चौकट द्यावी. तसबिरीला देतात तशी! एकाच रंगाच्या सुती कापडाच्या ३ इंच रुंद पट्ट्या कापा. आधी समोरासमोरच्या दोन बाजूंना जोडा, इस्त्री करा, मग उरलेल्या दोन बाजूंना. आता सगळे चौकोन साडेपंधरा इंचांवर छाटा. ११ इंचांचा असो की साडेबाराचा, सगळे एका मापाचे होतात. कुणाची चौकट जरा रुंद दिसते, कुणाची अरुंद. नजर तिकडे जात नाही, कारण रंग एकच असतो. छाटताना गुनिया लावा, नुसत्या अंदाजाने कात्री चालवू नका.

आमचे १२ चौकोन असे निघाले. तिनाच्या चार ओळी, म्हणजे पावणेचार फूट बाय पाच फूट. मोठी गोधडी नव्हे, पण एका माणसाला बसल्या जागी पांघरायला पुरते.

फुगलेल्यांच्या उशा, तिरक्यांचे बसकर

मधोमध फुगलेला चौकोन गोधडीत घातला, तर तिथे कायमची चुणी राहते. तोच उशीच्या अभ्र्यावर लावा. आत कापूस भरला, की फूग आपोआप भरून निघते. आमचे दोन फुगीर चौकोन दोघींच्या दिवाणखान्यांतल्या उशांवर गेले.

तिरके चौकोन सरळ करायच्या भानगडीत पडू नका. उलट कापा! उभा-आडवा छेद घेऊन प्रत्येकाचे चार तुकडे करा, तुकडे एका मापाचे छाटा आणि फिरवून-उलटवून पुन्हा जोडा. मूळ नक्षी मोडते आणि चूक नक्षीतच मिसळून जाते. आमच्या चार तिरक्या चौकोनांचं असं मिळून एक ऐसपैस बसकर झालं. सासूबाई आता पोथी वाचायला त्यावरच बसतात.

बाजाराची पिशवी, हाताला फडकं

दोन चौकोनांची एक पिशवी होते. महाराष्ट्रात २०१८ साली प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हापासून कापडी पिशवी हाताशी असावीच लागते. साडीचं कापड नुसतं वापरू नका, भाजीच्या वजनाने फाटेल. आतून जुन्या पँटचं किंवा जाड परकराचं अस्तर लावा. बंद २२ इंच लांब आणि चौपदरी घडीचे करा. टोकाला चौकोनी टीप मारून त्यात फुली मारा, म्हणजे निघत नाहीत.

दोन चौकोन गरम पातेलं उतरवायला फडकी म्हणून कामी आले. आत जुन्या सुती टॉवेलचे दोन-तीन पदर घाला. टेरिलीन, नायलॉन किंवा कृत्रिम धाग्याचं भरण चुकूनही नको. आचेने ते वितळतं आणि हात भाजतो. इथे आम्हां बहिणींचा वाद झाला. आईची साडी स्वयंपाकघरात? शेवटी बहिणीनेच तोडगा काढला. इरकलीला गॅसजवळ न्यायचं नाही. पण वायल तर आई नेसून स्वयंपाकच करायची, तिला काय होतंय!

कुणाकडे तान्हं बाळ असेल, तर चार मऊ चौकोनांचं दुपटं करा. पाठीला जुनं धोतर लावा. मात्र जरीचा तुकडा, बटण, टिकली असं काही त्यात ठेवू नका.

आणि अगदीच न सुधारणारे?

हा प्रश्न मी सासूबाईंना विचारला. त्यांनी आयुष्यात टेप हातात न धरता कितीतरी गोधड्या शिवल्या. खाली जुनं लुगडं, वर जरा बरी साडी, मध्ये घरातली फाटकी धोतरं आणि सदरे. आणि कडेपासून आत आत येणारा धावदोरा. त्या म्हणाल्या, "अगं, गोधडीच्या पोटात कुणी वाकून बघतंय व्हय?"

खरंच की! आपल्या गोधडीत चांगलं कापड वर असतं, पण ऊब त्या पोटातल्या थरांची. ज्या चौकोनाचं काहीच होत नाही, तो सपाट इस्त्री करून मधल्या थरात घाला. वरची साडी फिकी असेल, तर आतला गडद रंग दिसतो, तेवढं सांभाळा. छाटताना निघालेल्या चिंधोट्याही आम्ही टाकल्या नाहीत. त्या ठासून भरून टाचण्या टोचायची दोन उशा केल्या.

आणि माप म्हणजेच सगळं, असंही नाही. आपल्या शेजारी, उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ-यल्लापूरकडे सिद्दी समाजाच्या बायका कवंदी शिवतात. आधी चौकोन करून जोडणं हा प्रकारच त्यांच्याकडे नाही. एका कोपऱ्यापासून सुरुवात करून, हाताला येईल तो तुकडा ठेवत, कडेकडेने त्या मध्यापर्यंत येतात. चारही कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाची फुलं लावल्याशिवाय मात्र त्यांची कवंदी पुरी होत नाही. तिकडे अमेरिकेत अलाबामा राज्यात गीज बेंड नावाचं लहानसं गाव आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायकांनी कामाच्या जुन्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्यांची २००२ साली मोठ्या संग्रहालयांत प्रदर्शनं झाली, आणि २००६ साली त्यांची चित्रं टपाल तिकिटांवर आली. त्या गोधड्यांतल्या रेघा सरळ नाहीत, कुठे रुंद, कुठे अरुंद. म्हणून मुद्दाम वाकडं शिवा असं मी म्हणत नाही हं! त्या बायकांचा हात बसलेला होता, माझा नव्हता. पण वाकडं झालं म्हणून ट्रंकेत कोंडायचं कारण नाही, एवढं मात्र मला पटलं.

एक तसाच ठेवा

आता हिशेब पाहा. १२ गोधडीत, दोन पिशवीत, दोन उशांवर, दोन फडक्यांत, चार बसकरात. झाले २२. तेविसावा मी तसाच ठेवला आहे. तो माझा सर्वांत पहिला चौकोन. ना छाटला, ना उसवला. तुम्हीही एक ठेवा. आपला हात कुठून कुठे आला, हे दुसरं कुणी सांगणार नाही.

गोधडी पहिल्या थंडीत नागपूरला गेली. तिकडची थंडी आमच्यापेक्षा कडक, आणि बहिणीने वाटही फार पाहिली होती. पोचल्यावर तिचा फोन आला. म्हणाली, "इरकलीच्या पदराचा तुकडा बरोबर हनुवटीपाशी येतो गं." पुढे दोघीही काही बोललो नाही. या हिवाळ्यात पाळी माझी आहे.

मी शाळेत अर्धवेळ शिकवते, कार्यानुभवाचे दोन तास माझ्याकडे असतात. शिवणाच्या पहिल्या तासाला हल्ली मी तो तेविसावा चौकोन नेते आणि मुलांच्या हातात देते. यंदा सातवीतल्या एका मुलाने पट्टी काढून तो मोजला आणि वर्गाला ऐकू जाईल असं ओरडला, "बाई, हा एका बाजूने पाऊण इंच कमी आहे!"

म्हटलं, "हो, आहे. आता का कमी झाला, ते शोधून काढ बघू."

सगळा वर्ग शिवणी उलटून माया मोजू लागला.