भोर घाटातली सोडून दिलेली रेल्वेवाट

मुंबईहून बेळगावला परतताना कर्जतला गाडीला मागून जादा इंजिनं लागली. भाच्यानं विचारलं, "मामा, वाफेच्या इंजिनांनी हा घाट कसा चढला असेल?"

माझा आवडता विषय! आपल्या निपाणीकडच्या मंडळींसाठीही लिहितो.

21 एप्रिल 1863 ला भोर घाटाची रेल्वे सुरू झाली. सुमारे 25 किलोमीटरची चढण, 25 बोगदे, दगडी कमानींचे मोठे पूल. काही ठिकाणी 37 फुटांमागे 1 फूट चढ.

खंडाळ्याखाली डोंगराची धार इतकी अरुंद, की रूळ वळवायला जागाच नाही. म्हणून तिथे रिव्हर्सिंग स्टेशन केलं. गाडी आत जाऊन थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला जोडायचं आणि गाडी उलट दिशेनं पुढचा चढ चढायची.

कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये इथे येताच काही दिवसांत वारले. काम त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी अभियंत्यांकरवी पुरं करून घेतलं. त्यांचं नाव आपल्या शाळेच्या पुस्तकात हवं होतं, असं मला मनापासून वाटतं. हजारो मजुरांची तर नावंही उरली नाहीत; कॉलऱ्यानं कितीतरी गेले.

घाईचं बांधकाम काही ठिकाणी अंगलट आलं. इंग्रजी कागदपत्रांतला 'माऊ-के-मल्ली' हा 50 फुटी आठ कमानींचा पूल 19 जुलै 1867 ला कोसळला. दोष निकृष्ट दगडकामाचा होता.

1929 मध्ये नवे बोगदे खोदून मार्ग सरळ केला आणि रिव्हर्सिंग स्टेशन बंद पडलं.

घरातल्या वडीलधाऱ्यांकडून त्या जुन्या वाटेबद्दल काही ऐकलंय का? जरूर लिहा. प्रश्नही विचारा, माहीत असेल ते नक्की सांगेन.