हवेची मोजदाद (भाग ११) : यंत्र भाड्याचं, तराजू कुणाचा?

गाढी नदीच्या पाण्याचे नमुने कसे घ्यायचे, ते या आठवड्यात सांगणार होतो. ते आता पुढच्या अंकात. विचुंब्याच्या एका वाचकांचं पत्र आलं आणि त्याचं उत्तर लिहिता लिहिता माझ्या फार आवडीच्या विषयाशी येऊन पोचलो. हे गृहस्थ लहान बांधकाम कंत्राटदार आहेत. विचारतात, "धूळ मोजायचं मशीन विकत घेऊ की भाड्याने आणू? सारखं भाडं भरण्यापेक्षा एकदाच घेतलेलं बरं ना?"

मशीनच्या किमतीला रोजच्या भाड्याने भागा. जेवढे दिवस येतील तेवढे दिवस ते खरोखर चालणार आहे का, एवढंच आधी बघायचं. सप्टेंबर २००६च्या अधिसूचनेप्रमाणे २०,००० चौरस मीटर आणि त्यापुढच्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते, आणि मग दर सहा महिन्यांनी अनुपालन अहवाल. त्यासाठी मशीन साइटवर थोडेच दिवस उभं राहतं. शिवाय अहवाल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा लागतो आणि ती आपलं मशीन घेऊनच येते. विकत घेतलेलं मशीन उरलेलं वर्ष सिमेंटच्या गोण्यांशेजारी पडून राहील, आणि कॅलिब्रेशनची तारीख मात्र दरवर्षी येईल.

विकत घ्यावं ते बारमाही काम असलेल्याने. २००९च्या राष्ट्रीय मानकांनुसार वार्षिक सरासरी काढायला एका जागी वर्षाला किमान १०४ रीडिंग लागतात, आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी २४ तासांची. तिथे भाडं परवडायचं नाही. मोठ्या प्रकल्पाचा एका हंगामाचा पाया-अभ्यास मात्र वेगळा. १२ आठवडे, समजा आठ ठिकाणं. प्रत्येक ठिकाणी आठवड्यातून दोनदा, म्हणजे एक मशीन आठवड्यात तीन ठिकाणं सांभाळतं आणि सातवा दिवस साफसफाईत जातो, म्हणजे तीन मशीन हवीत. तीन महिन्यांनी त्यांना काम नाही. ती भाड्यानेच आणावीत.

पण माझं खरं म्हणणं तराजूबद्दल आहे. भाड्याच्या चर्चेत तो कुणी काढतच नाही.

सॅम्पलर, म्हणजे हे धुळीचं मशीन, धूळ फक्त गोळा करतं, मोजतो तो तराजू. पीएम १०चं मशीन मिनिटाला साधारण १.१ घनमीटर हवा ओढतं, म्हणजे २४ तासांत जवळजवळ १,६०० घनमीटर. हवा बरोबर घनमीटरला १०० मायक्रोग्रॅमच्या मर्यादेवर असेल तर फिल्टरच्या कागदावर १६० मिलिग्रॅम धूळ बसते. हे वजन करणं सोपं. पीएम २.५चं मशीन मिनिटाला जेमतेम १६.७ लिटर ओढतं, दिवसाला २४ घनमीटर. तिथली मर्यादा ६० मायक्रोग्रॅम, म्हणजे फिल्टरवर सगळी मिळून १.४४ मिलिग्रॅम धूळ. तांदळाच्या एका दाण्याच्या दहाव्या हिश्शापेक्षाही कमी! वजनात ०.१ मिलिग्रॅमची चूक झाली की उत्तर सात टक्क्यांनी हललं. आणि वजन दोनदा करायचं असतं, कोऱ्या फिल्टरचं आणि धूळ बसलेल्याचं.

त्यात आपली कोकणपट्टीची हवा. पावसाळ्यात दमटपणा ८० टक्क्यांच्या वर जातो आणि काचतंतूचा मोठा फिल्टर ओलावा धरतो. म्हणून दोन्ही वजनांआधी फिल्टर २४ तास ठरावीक तापमानाच्या, कोरड्या, बंद जागेत ठेवावा लागतो. कुणी ते टाळलं तर पाण्याचं वजन धुळीच्या खात्यात जमा होतं. इतकं बारीक तोलणारा तराजू दगडी ओट्यावर, वाऱ्यापासून दूर बसवतात. टेम्पोतून फिरवला की पुन्हा समतल करा, प्रमाणित वजनांनी तपासा. मशीन भाड्याने घेताना म्हणूनच मी पहिल्यांदा विचारतो, कोरे फिल्टर कोण तोलणार आणि भरलेले कोण? दोन्ही वेळा तीच प्रयोगशाळा, तोच तराजू, हे करारात लिहून घ्या. रोजचं भाडं शंभर-दोनशेने कमी सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्या पावतीत फिल्टरचं वजन धरलंय का, तेवढं बघा.

धुळीच्या सेन्सरची गोष्ट निराळी. मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामांच्या जागी सेन्सर लावायला सांगितले, तेव्हापासून आपल्याकडेही त्यांची चौकशी वाढली आहे. ते रोज चालतात, तेव्हा दिवसांच्या हिशेबाने विकत घेणं योग्य. पण ते कणांवरून विखुरलेला प्रकाश बघतात आणि दमट हवेत कण फुगतात, त्यामुळे आकडा चढा येतो. सेन्सर विकत घ्या आणि आठ-दहा दिवस भाड्याचा सॅम्पलर त्याच्या शेजारी उभा करून दोन्ही आकडे ताडून बघा. भाड्याचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही.

सुरुंगांचे हादरे मोजायचं यंत्र मात्र सरळ भाड्याने. नवी मुंबई विमानतळासाठी उलव्याची टेकडी सुरुंगांनी फोडली, तसं काम कधीतरी संपतंच. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७च्या परिपत्रकात साध्या घरांसाठी मर्यादा आहे, ८ हर्ट्झखालच्या कंपनांना सेकंदाला ५ मिलिमीटर. सुरुंगांचं काम आटोपलं की यंत्र परत.

तर विचुंब्याच्या कंत्राटदारांना माझं सांगणं असं. धुळीचं मशीन घेऊ नका, लागेल तेव्हा प्रयोगशाळेला बोलवा. तुम्ही विकत घ्यावा तो आवाजाचा मीटर, आणि त्याच्यासोबत ९४ डेसिबलचा कॅलिब्रेटर. वस्तीत रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबल आहे, दिवसा ५५. काँक्रीटचा पंप उशिरापर्यंत चालतो आणि शेजारी तक्रार घेऊन येतात, तेव्हा भाड्याचा मीटर मागवायला वेळ नसतो.